डोळ्यांना न दिसणारे कामकरी : सूक्ष्मजीव व कीटक यांचे सृष्टीतील स्थान

आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील गोबरगॅसची शेगडी माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. गोठ्यातील शेण आणि वसतिगृहाच्या शौचालयांतील मैला एकाच संयंत्रात जातो व त्यापासून निघणाऱ्या गॅसवर सकाळचा चहा-नाश्ता आणि डाळ शिजते. एका वर्षी तपासणीसाठी पाहुणे येणार होते, म्हणून आम्ही आठवडाभर स्वच्छतेची मोहीम काढली. मुलांनी उत्साहाने हात राबविले. शौचालयांत, मोऱ्यांत, गोठ्याच्या नालीत सकाळ-संध्याकाळ फिनेल आणि ब्लीचिंग पावडर ओतली गेली. पाहुणे आले, आवार पाहून समाधानाने परत गेले. पुढच्या आठवड्यापासून शेगडीची ज्योत मंद होऊ लागली आणि काही दिवसांनी ती पेटेनाशी झाली.

आम्ही नळी तपासली, चावी बदलली, घुमटाला कोठे भेग गेली आहे काय ते पाहिले. सर्व ठीक होते. शेवटी संयंत्र बांधणाऱ्या मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी प्रवेशकुंडीचा वास घेतला आणि विचारले, "गुरुजी, यात औषध ओतलंत का?" मग ते म्हणाले, "आतले जीव मेले, आता गॅस कोण करणार?" महिना-सव्वा महिना स्वयंपाकाच्या मावशींना पुन्हा लाकडाच्या चुलीपुढे धुरात बसावे लागले. आतील काही काला उपसून काढला, शेजारच्या गावातील चालू संयंत्रातून काही पिंपे काला आणून विरजणासारखा आत सोडला, औषध पूर्ण बंद केले, तेव्हा कोठे ज्योत परत आली.

त्या वेळी शाळेत विज्ञान शिकविणारे आम्हीच होतो. शेण कुजून मिथेन वायू तयार होतो आणि हे काम हवेशिवाय जगणारे जिवाणू करतात, हे आम्ही फळ्यावर लिहून देत होतो. तरीही हातात फिनेलची बाटली आली तेव्हा ते आठवले नाही. जंतू म्हणजे शत्रू आणि तो दिसेल तेथे मारावयाचा, हा धडा आमच्या मनात पाठ्यपुस्तकापेक्षा खोल गेलेला होता. त्या चुकीतून आम्ही जे शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

भीतीचे कारण खरे आहे

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की जंतूंची भीती खोटी नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी कापडाचा व्यापार करणाऱ्या लेव्हेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्यातील सूक्ष्म जीव पाहिले आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे हे जीव केवळ कुतूहलाचा विषय होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी आंबणे व नासणे ही सूक्ष्मजीवांची कामे आहेत हे सिद्ध केले. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयरोगाचा जिवाणू शोधल्याचे जाहीर केले. तेव्हापासून 'जंतू' हा शब्द रोगाशी जोडला गेला, तो कायमचाच.

आपल्या प्रांताने तर या भीतीचा मोठा अनुभव घेतला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या माउलीने आपल्या पणज्यांच्या हाती पाटी दिली, तिला एका जिवाणूने नेले. हे ज्याला ठाऊक आहे तो जंतूंची थोरवी गाताना जपूनच शब्द वापरील.

परंतु त्याच साथीत आणखी एक धडा आहे. मुंबईतील अधिकाऱ्यांनी गटारे, रस्ते आणि घरे जंतुनाशक द्रवांनी अक्षरशः धुऊन काढली, तरी साथ हटली नाही. कारण शत्रू नेमका कोठे बसला आहे हेच तेव्हा कळलेले नव्हते. १८९८ साली कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्रयोगाने दाखविले की हा रोग उंदराच्या अंगावरील पिसवेमार्फत पसरतो. शत्रू ओळखू आला तेव्हा उपायाला दिशा मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १८९७ मध्ये, सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परोपजीवी सापडले होते. रोगाला कारण होणारा डास सर्व डासांपैकी विशिष्ट जातीचा असतो, हे त्यातूनच पुढे उमगले. ज्यांनी रोग हटविले त्यांनी आधी ओळखले आणि मग मारले. सूक्ष्मजीवांच्या असंख्य जातींपैकी माणसाला रोग देणाऱ्या जाती अगदी मोजक्या आहेत. उरलेल्या काय करतात, हा या लेखाचा विषय आहे.

कुजविणे हे निर्माण करणेच आहे

एक जिवाणू साधारणपणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. हजार-दीड हजार जिवाणू रांगेत ठेवले तर मोहरीच्या एका दाण्याची लांबी भरते. सुपीक मातीच्या एका चिमटीत ते कोट्यवधींनी असतात. त्यांच्या जोडीला बुरशीचे धागे, वाळवी, मुंग्या, गोमी, पैसे, शेणकिडे आणि गांडुळे असतात. यांतील बहुतेकांचे मुख्य काम एकच : मेलेले मोडून पुन्हा मातीत मिळविणे.

शाळेच्या आवारातील झाडांची पाने दरवर्षी गळतात. ती जर कुजलीच नाहीत तर काय होईल, असा प्रश्न आम्ही पाचवीच्या वर्गाला विचारतो. मुले प्रथम म्हणतात, ढीग होईल. थोडा विचार केल्यावर एखादी मुलगी म्हणते, मग झाडाला खायला काय उरेल? हेच खरे उत्तर आहे. पानात अडकलेले नत्र, स्फुरद, पालाश ही द्रव्ये पान मोडल्याशिवाय मुळांना परत मिळत नाहीत. मोठे किडे पानाचे तुकडे करतात, बुरशी त्यांतील कठीण लाकडी भाग विरघळविते आणि जिवाणू उरलेले काम पूर्ण करतात. पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो, तोसुद्धा बहुतांशी मातीतील एका प्रकारच्या जिवाणूंनी तयार केलेल्या द्रव्याचा असतो.

हे कामकरी नसतील तर काय घडते, याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले आहे. त्या खंडात गाई-बैल मूळचे नव्हते. १७८८ साली पहिले इंग्रज वसाहतकरी तेथे उतरले, त्यांनी जहाजांतून गुरे आणली. तेथील शेणकिड्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय होती. गाईच्या ओल्या शेणाचा पो त्यांच्या उपयोगाचा नव्हता. एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. गुरे वाढत गेली तसतसे शेण कुरणांवर महिनोन्‌महिने वाळत पडू लागले. त्याखालचे गवत मेले, भोवतीचे गवत गुरे खाईनात आणि त्या शेणात माश्यांच्या झुंडी पैदा होऊ लागल्या. जॉर्ज बोर्नेमिसा या हंगेरीतून आलेल्या कीटकशास्त्रज्ञाने सुचविले की ज्या देशांत गुरे पूर्वापार आहेत तेथून शेणकिडे आणावेत. १९६८ सालापासून आफ्रिका व युरोपातून आणलेले शेणकिडे तेथे सोडण्यात आले. त्यांतील वीसहून अधिक जाती तेथे रुजल्या आणि अनेक भागांत शेण पुन्हा जमिनीत जाऊ लागले. आपल्या गावाकडे मात्र पावसाळ्यात शेणाची गोळी ढकलीत नेणारा काळा किडा दिसला की मुले त्याला काडीने उलटा करून हसतात. असेच शेणकिडे दुसऱ्या एका देशाला बाहेरून मागवावे लागले, हे त्यांना सांगावे.

हवेतील नत्र आणि बापजाद्यांचा बेवड

दुसरे मोठे काम नत्राचे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे. झाड या नत्राच्या समुद्रात उभे असते, पण त्याला त्यातील थेंबही घेता येत नाही. माणसाने विसाव्या शतकाच्या आरंभी हवेतील नत्र बांधून खत करण्याची रीत शोधली. तिला शेकडो पट दाब आणि चारशे-पाचशे अंश उष्णता लागते. तेच काम तुरीच्या मुळावरील गाठीत बसलेला जिवाणू शेतातल्या मातीच्या उष्णतेत, आवाज न करता, करतो. १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल यांनी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात हे जाहीर केले आणि १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळा करून दाखविला. आज आपण त्यास रायझोबियम म्हणतो.

आपल्या शेतकऱ्याला जिवाणूचे नाव ठाऊक नव्हते, परंतु हरभऱ्याच्या किंवा मुगाच्या बेवडावर ज्वारी चांगली येते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ज्वारीच्या ओळींत तुरीचे पाटे घालण्याची पद्धतही त्याच जाणिवेतून आली. पालकांनी एकदा हा प्रयोग मुलांसमवेत करावा : फुलोऱ्यावर आलेले चवळीचे किंवा भुईमुगाचे झाड माती न झटकता हळूच उपटावे, मुळे पाण्यात धुवावीत आणि मुळांवरील एक गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी-लालसर दिसली तर गाठीत काम चालू आहे. हिरवट किंवा करडी दिसली तर काम थांबले आहे. ज्या शेतात हे पीक पूर्वी घेतलेले नाही, तेथे पेरणीपूर्वी दहा किलो बियाण्यास रायझोबियम संवर्धकाचे २५० ग्रॅमचे एक पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळावे आणि बी सावलीत सुकवावे. उन्हात सुकविले तर पाकिटातील जीव मरतात. पाकीट हे खताचे नसून जिवंत प्राण्यांचे आहे, एवढे ध्यानात राहिले म्हणजे पुढील काळजी आपोआप घेतली जाते.

पिंपळ आणि त्याची सोबतीण

आपल्या प्रार्थनागृहापुढील पिंपळ सर्वांच्या परिचयाचा आहे. तथागतांना ज्या वृक्षाखाली संबोधी प्राप्त झाली त्याच जातीचा हा वृक्ष, म्हणून आपण त्यास वंदन करतो. परंतु पिंपळाला फूल कधी येते, असे विचारले तर बहुतेक जण गप्प राहतात. क्वचित भेटणाऱ्या पाहुण्याला आपण उंबराचे फूल म्हणतो, ते याच अज्ञानातून. वड, उंबर, पिंपळ यांची फुले नाहीशी नसतात, ती आत असतात. आपण ज्याला फळ म्हणतो ती वस्तुतः एक पोकळ कुपी असून तिच्या आतील भिंतीवर शेकडो बारीक फुले दाटीने लागलेली असतात. कुपीला टोकाशी एक इवलेसे द्वार असते.

त्या द्वारातून गांधीलमाशीच्या कुळातील, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर लांबीची एक मादी आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की शिरताना तिचे पंख तुटून पडतात. तिने आपल्या जन्मस्थानाहून आणलेले पराग ती आतील फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. काही फुलांत तिची पिले वाढतात, उरलेल्या फुलांत पिंपळाचे बी धरते. पिलांतील नरांना पंख नसतात. ते त्याच कुपीत जन्मून तेथेच संपतात. माद्या मात्र पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसऱ्या पिंपळाच्या शोधात उडून जातात. पिंपळाच्या या सोबतिणीला शास्त्रात प्लॅटिस्कापा क्वाड्रॅटिसेप्स असे नाव आहे. वडाची माशी वेगळी आणि उंबराची वेगळी. ज्या देशांत पिंपळ लावला गेला पण ही माशी पोचली नाही, तेथे झाड वाढते, सावली देते, परंतु त्याला रुजणारे बी धरत नाही.

पिकलेली फळे मैना, बुलबुल, हरियाल खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडून उगवते. जुन्या वसतिगृहाच्या भिंतीत दरवर्षी उगवणारे पिंपळाचे रोप आपण उपटून कुंडीत लावतो. ते रोप त्या भिंतीपर्यंत येण्यासाठी एका माशीने पंख गमावलेले असतात. हे असल्याने ते घडते, हे नसल्याने ते घडत नाही, हा कार्यकारणाचा विचार आपण धम्मवर्गात शिकतो. त्याचे इतके जवळचे उदाहरण दारातच उभे आहे.

किड्याला किडा राखतो

आपल्या विद्यार्थ्यांचे अनेक पालक शेतकरी आहेत, त्याहून अधिक शेतमजूर आहेत. त्यांच्यासाठी कीड हा वर्गातील विषय नाही. कापसावर बोंडअळी पडली की वर्षाची मिळकत जाते आणि मुलाची फी थकते. म्हणून 'किडे मारू नका' असा उपदेश आम्ही करणार नाही. पण मारण्यापूर्वी ओळखा, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.

पिकावर दिसणारे सर्व किडे पीक खाणारे नसतात. मावा पानाचा रस शोषतो हे खरे, परंतु पाठीवर ठिपके असलेला तांबडा ढालकिडा आणि त्याची काळपट काटेरी अळी त्याच माव्यावर जगते. क्रायसोपाच्या अळ्या मावा आणि तुडतुडे यांची पिले फस्त करतात. ट्रायकोग्रामा ही डोळ्यांना धड न दिसणारी माशी बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते, त्यामुळे अंड्यातून अळीऐवजी नवी माशी बाहेर येते. कोळी जाळ्यात काय काय पकडतो ते तर सर्वांनी पाहिले आहे. सरसकट विष फवारले की प्रथम हे राखणदार मरतात, कारण ते संख्येने थोडे असतात व सावकाश वाढतात. किडीची मात्र उरलेली पिलावळ काही दिवसांत पुन्हा उभी राहते आणि आता तिला खाणारे कोणी उरलेले नसते. मग पुढची फवारणी अधिक तीव्र औषधाची करावी लागते.

हे विष किड्यापाशी थांबत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. पाठीवर पंप घेऊन पुरुषभर उंचीच्या पऱ्हाटीत शिरणारा मजूर कोणाच्या घरचा असतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. म्हणून फवारणीपूर्वी शेतात फिरून किडी आणि मित्रकीटक दोन्ही मोजावेत. नुकसानीची पातळी ओलांडली नसेल तर थांबावे. फवारणी करावीच लागली तर हातमोजे, तोंडाला झाकण आणि वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवावे. मालकाने साधने दिली नाहीत तर मजुराने ती मागावीत. तो मजुराचा हक्क आहे.

मातीतून आलेले औषध

क्षयरोगाचा जिवाणू १८८२ साली सापडला, तरी त्याच्यावर नेमके औषध मिळावयास साठ वर्षे लागली आणि ते मिळाले मातीत. १९४३ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ हा तरुण विद्यार्थी खत घातलेल्या शेतातील मातीतून जिवाणू वेगळे करीत होता. त्यांतील एका जिवाणूच्या द्रव्याने इतर जिवाणू मरतात असे त्याला आढळले. तेच स्ट्रेप्टोमायसिन. त्यापूर्वी १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलीन सापडले होते. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली भारत सरकारने कारखाना स्थापन केला तो हेच पेनिसिलीन आपल्या देशात बनविण्यासाठी. ज्या मातीला आपण जंतूंनी भरलेली म्हणून हात धुतो, त्या मातीनेच कोट्यवधी माणसांचे प्राण वाचविले आहेत. हात अवश्य धुवावेत, पण हेही ठाऊक असावे.

आपल्या देहातही हीच वस्ती आहे. माणसाच्या शरीरात जितक्या स्वतःच्या पेशी, जवळपास तितकेच जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहून पचनास मदत करतात. साध्या सर्दी-पडशावर प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या तर सर्दीचे विषाणू मरत नाहीत, कारण ते औषध विषाणूंवर चालत नाही. मरतात ते आतड्यातील उपयोगी जिवाणू, आणि जे तगतात ते औषधाला दाद न देणारे होत जातात. याउलट वैद्यांनी क्षयाचा सहा महिन्यांचा उपचार सांगितला असता दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून तो सोडणे, हेही तितकेच घातक आहे. गोळी कधी घेऊ नये आणि कधी सोडू नये, या दोन्ही गोष्टी ओळखीवरच अवलंबून आहेत.

घाण करणारा आणि साफ करणारा

विनयपिटकात भिक्षूंसाठी काही नियम आहेत. पाणी गाळून घ्यावे, जीव असलेले पाणी ओतू नये, जमीन स्वतः खणू नये. पावसाळ्यात भिक्षू फिरतात तेव्हा हिरवे गवत तुडविले जाते आणि लहान जीव चिरडले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा वर्षावासाचा नियम झाला. पाणी गाळण्याचे वस्त्र तर भिक्षूच्या आठ परिष्कारांपैकी एक आहे. त्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता, म्हणून या नियमांत आजचे जंतुशास्त्र शोधणे योग्य नाही. परंतु पाय टाकण्यापूर्वी आणि पाणी ओतण्यापूर्वी खाली पाहावे, ही सवय त्यांत आहे. आमच्या फिनेलच्या बाटलीत नेमकी तीच उणीव होती.

आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला गावाची सफाई आली होती. मेलेले ढोर ओढून नेणे, गाव स्वच्छ ठेवणे ही कामे त्यांच्यावर जन्माने लादली गेली आणि ती केली म्हणून त्यांनाच अस्वच्छ ठरविले गेले. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढणे व मृत मांस खाणे सोडून देण्यास सांगितले. माणसावर जन्माने काम लादणे हा अन्याय होता आणि तो झुगारणे आवश्यकच होते. येथे माणसांची तुलना किड्यांशी करावयाची नाही. सांगावयाचे ते एवढेच, की घाण करणारा श्रेष्ठ आणि साफ करणारा हीन, हा हिशेब माणसाने लिहिला, सृष्टीने नव्हे. सृष्टीत कुजविणाऱ्याशिवाय उगवणारा नाही. ज्या समाजाने सफाईला हीन मानले, त्याच समाजाने माती, नदी आणि विहीर नासविली. ही शिकवण आपल्या मुलांना इतरांपेक्षा लवकर कळावी, अशी आमची अपेक्षा आहे.

आज आपल्या शाळेत काय करतो

त्या महिन्यानंतर आम्ही काही नियम केले. संयंत्राला जोडलेल्या शौचालयांत फिनेल व ब्लीचिंग पावडर ओतत नाही. ती पाण्याने आणि खराट्याने घासून स्वच्छ करतो. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मात्र ठरलेल्या प्रमाणात क्लोरीन टाकतोच, कारण तेथील जंतू मुलांच्या पोटात जातात. स्वयंपाकापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुण्यात कोणालाही सवलत नाही. दर शनिवारी कोरडा दिवस पाळून पिंपे, कुंड्या व टायर रिकामे करतो, म्हणजे डेंग्यूच्या डासाची अळी वाढत नाही. पालापाचोळा जाळणे बंद केले आहे. तो दोन खड्ड्यांत आळीपाळीने कुजवितो व ते खत पावसाळ्यात झाडांना घालतो. संयंत्रातून बाहेर पडणारा काला थेट भाजीला घालीत नाही. तो खड्ड्यात पुरता कुजवून नारळ व इतर झाडांना देतो.

प्रत्येक वर्गाला वर्षातून एकदा आम्ही मिस्त्रींची गोष्ट सांगतो आणि मग मुलांना स्वयंपाकघरात नेऊन शेगडीची ज्योत दाखवितो. गेल्या वर्षी सहावीतील एका मुलाने विचारले, "सर, आत्ता ते आत काम करीत असतील?" आम्ही म्हणालो, "होय, रात्रीसुद्धा." त्याने शेगडीकडे पाहिले आणि जाताना दाराशी ठेवलेली फिनेलची बाटली उचलून, कोणी न सांगता, वरच्या फळीवर ठेवली.